थेट विचारायचा सराव

गावात कुणी आत्महत्या केली की तेराव्यापर्यंत तेच बोलणं चालतं. कुणी सांगतं, महिनाभर तो पारावर फिरकला नव्हता. कुणी म्हणतं, परवाच येऊन उसने पैसे देऊन गेला, मी म्हटलं एवढी काय घाई. बहिणीला आठवतं, राखीला आला तेव्हा जेवता जेवता म्हणाला होता, ‘आता तुम्हाला कुणाला माझा त्रास नाही व्हायचा.’ खुणा दिसलेल्या असतात. एकेकाला एकेक, वेगवेगळ्या दिवशी. खूण दिसल्यावर करायचं काय, हे मात्र त्यांतल्या कुणालाच कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बाळाला जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, हे आपण वाडी-वस्तीवर जाऊन शिकवलं. जीव द्यायच्या विचारात असलेल्या माणसाशी कसं बोलायचं, हेही शिकवता येतं.

शिकायचं कुणी? आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक, पोलीस पाटील, बचत गटाच्या बायका, कृषी सेवा केंद्राचे मालक. शहरात सोसायटीचे सेक्रेटरी, वसतिगृहाचे रेक्टर, अभ्यासिका चालवणारे. आणि घरात मानसिक आजाराचं, व्यसनाचं किंवा दीर्घ दुखण्याचं माणूस सांभाळणारे आई-वडील, नवरा, बायको, सून. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्यासाठी असं प्रशिक्षण भरवू पाहणाऱ्यांसाठीही.

सुरुवात आकड्यांपासून करा, पण एका ठरावीक कारणासाठी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसं आत्महत्येनं गेली. त्यांतली २२,७४६ महाराष्ट्रातली, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. यांत शेतकरी आणि शेतमजूर मिळून ४,२४८ होते. हा आकडा कुणालाही अस्वस्थ करणारा आहे. पण उरलेले अठरा हजारांहून अधिक लोक कोण होते, हेही विचारायला हवं. देशाच्या पातळीवर पाहिलं तर दर चार माणसांत एकाहून थोडे अधिक रोजंदारीवर काम करणारे होते. गृहिणी पंचवीस हजारांवर होत्या, विद्यार्थी तेरा हजारांवर. प्रशिक्षणाला येणारी माणसं बहुधा ‘नापिकी, कर्ज, सावकार’ एवढंच डोक्यात घेऊन येतात आणि मग शेजारच्या घरातली दोन वर्षांपूर्वी लग्न झालेली सून त्यांच्या नजरेतून सुटते. ती नजर पहिल्या तासातच मोठी करून घ्यावी.

गावातल्या साध्या माणसांनी हे काम केल्यानं फरक पडतो का, हा प्रश्न तिथे हमखास येतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘संगाथ’ या गोव्यातल्या संस्थेच्या पुढाकारानं ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, त्यांनी घरोघरी जाऊन बोलणं सुरू केलं, गरज असेल त्यांना समुपदेशकाकडे आणि डॉक्टरांकडे पाठवलं. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. आधीच्या बारा महिन्यांत आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं होतं. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पालाच देता येत नाही. पण मदत घ्यायला पुढे येणारे लोक सहापट होतात, ही गोष्ट गावातल्या माणसांशिवाय घडली नसती, असं मला वाटतं.

भाषण नको

असल्या प्रशिक्षणाचं बहुतेक वेळा काय होतं, तर तालुक्याच्या सभागृहात दीडशे माणसं, फीत कापणं, सत्कार, एका डॉक्टरांचं पाऊण तासाचं भाषण, चहा-नाश्ता आणि प्रमाणपत्र. माणसं घरी जातात तेव्हा त्यांना ‘आत्महत्या ही गंभीर समस्या आहे’ एवढं कळलेलं असतं. ते त्यांना आधीही माहीत होतं.

वीस-पंचवीस माणसांच्या वर गट नको. दोन अर्धे दिवस ठेवा. एकाच दिवशी सगळं उरकू नका, कारण मधल्या रात्री माणसं विचार करतात आणि खरे प्रश्न दुसऱ्या दिवशी येतात. शेतीच्या गावात पेरणीच्या आणि सोंगणीच्या दिवसांत ठेवलं तर रिकाम्या खुर्च्यांना शिकवावं लागेल. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं असतात; त्यांतला एक समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ दोन्ही दिवस खोलीत हवा, कारण अडीअडचणीला ज्याला फोन करायचा त्याचा चेहरा ओळखीचा झालेला असावा.

आणखी एक गोष्ट भरवणारे विसरतात. वीस जण जमले की त्यांत कुणाचा तरी भाऊ, मुलगी, नवरा असा गेलेला असतोच. कुणाच्या तरी स्वतःच्या मनात हे विचार येऊन गेलेले असतात, किंवा त्या क्षणीही असतात. म्हणून सुरुवातीलाच मोकळेपणानं सांगावं, ‘ऐकताना जड झालं तर उठून बाहेर जा. ताई बाहेर बसलेल्या आहेत, त्यांच्याशी बोला.’ आणि त्या ताई खरोखरच बाहेर बसलेल्या असाव्यात.

खुणांची यादी फळ्यावर लिहून देण्यात फारसा फायदा नाही. लोकांनाच विचारा, तुम्ही काय काय पाहिलंय. मग येतं ते असं. पासबुक आणि सातबारा काढून बायकोला कुठे काय आहे ते समजावून सांगणं. लग्न झालेल्या मुलीला कारण नसताना बोलावून घेणं. आवडीचा बैल, मोबाइल, पुस्तकं देऊन टाकणं. ‘माझं काय, आज आहे उद्या नाही’ हे हसत हसत पण वारंवार म्हणणं. दारू अचानक वाढणं. मुलं असतील तर वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसणं, मित्रांच्या ग्रुपमधून बाहेर पडणं. आणि एक फसवी खूण: आठवडेच्या आठवडे तळमळणारा माणूस एका दिवशी एकदम शांत होतो. घरच्यांना हायसं वाटतं. काही वेळा ते खरंच बरं वाटणं असतं, काही वेळा निर्णय झालेला असतो. म्हणून अशा वेळी सुटकेचा निःश्वास टाकून मोकळं न होता उलट जवळ जाऊन विचारावं.

एकटी खूण फार काही सांगत नाही. वागणं बदललंय, नुकतंच काही हातातून गेलंय आणि बोलण्यात शेवटाची भाषा आहे, अशा दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की वाट पाहायची नाही. आधी कधी प्रयत्न केलेला असेल तर एकच खूण पुरे. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले आठवडे फार जोखमीचे असतात आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना वाटतं की आता संकट टळलं.

तोंडातून शब्द निघायला हवेत

प्रशिक्षणाचा निम्मा वेळ एका प्रश्नावर घालवावा, असं माझं ठाम मत आहे. जीव द्यावासा वाटतो का, हे समोरच्याला थेट विचारता येणं. बहुतेकांना वाटतं, असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल. या भीतीवर जगभर संशोधन झालं आहे, आणि विचारल्यामुळे आत्महत्येचे विचार वाढतात असं त्यात दिसलेलं नाही. उलट आतल्या आत कोंडलेलं कुणीतरी ओळखलं म्हणून माणूस बऱ्याचदा मोकळा होतो.

हे डोक्याला पटलं तरी तोंडातून निघत नाही. म्हणून जोड्या करून सराव घ्यायचा. पहिल्या फेरीत काय होतं पाहा. बहुतेक जण विचारतात, ‘तसलं काही मनात नाही ना?’ या प्रश्नातच उत्तर देऊन टाकलेलं आहे. समोरचा ‘नाही नाही’ म्हणतो आणि दोघंही सुटतात. दुसऱ्या फेरीत कुणी म्हणतं, ‘काही बरंवाईट करणार नाहीस ना?’ तेही तसंच. ‘ना’ काढायला लावा. ‘तसलं’, ‘बरंवाईट’ काढायला लावा. आपापल्या बोलीत बोलू द्या. वऱ्हाडातली बाई ‘जीव द्यावासा वाटते काय तुले?’ असंच विचारेल आणि तेच योग्य आहे. पुस्तकी वाक्य पाठ करून गेली तर ऐन वेळी तिला ते आठवणार नाही. सुरुवातीला खोलीत हशा पिकतो, आवाज खाली जातात, कुणी वाक्य अर्धवट सोडतं. पिकू द्या. चौथ्या-पाचव्या वेळी वाक्य सरळ येतं.

एक प्रसंग ठरवून द्यावा. उदाहरणार्थ, एक जण भाऊ झाला आहे. सोयाबीन पाण्यात गेलं, गटाचे हप्ते थकले, बायको माहेरी जाऊन बसली. दुसरी शेजारची काकू.

‘काय रे, चार दिवस दिसला नाहीस.’

‘काम होतं काकू.’

‘जेवत नाहीस म्हणे.’

‘भूकच लागत नाही.’

इथे काकू हटकून म्हणते, ‘असं कसं, जेवायला पाहिजे. तब्येत सांभाळ हं,’ आणि उठायला लागते. तिला परत खाली बसवायचं.

‘झोप लागते का?’

‘झोप कसली. तीनला जाग येते, मग डोक्यात तेच.’

‘तेच म्हणजे?’

आता गप्प राहायचं. हे फार अवघड जातं. काकू दोन सेकंदांत काहीतरी बोलून ती शांतता भरून काढते. तिला सांगायचं, हात मांडीवर ठेवा आणि थांबा, तो बोलेल.

‘आता राहिलंय काय, असं वाटतं.’

‘इतकं वाटतं तेव्हा जीव द्यावा असं येतं का मनात?’

‘...येतं.’

‘बरं झालं मला सांगितलंस. मी आहे इथंच. सांग मला.’

एवढंच. या शेवटच्या वाक्यापाशी पोचायला एका जोडीला अर्धा तास लागला तरी लागू द्या. काकूला भाऊ करा, भाऊला काकू. ‘येतं’ म्हणणाऱ्याच्या जागी बसल्यावरच कळतं की समोरच्यानं नजर चोरली तर कसं वाटतं.

उत्तर ‘हो’ आलं की आपल्याकडची सगळी माया चुकीच्या वाक्यांतून बाहेर पडते. ‘लेकरांचा विचार कर.’ तो रात्रभर लेकरांचाच विचार करत होता. आपण त्यांच्यावर ओझं झालोय, या निष्कर्षाला येऊन बसलाय. ‘मर्दासारखा मर्द आणि असं बोलतोस?’ आता तो पुन्हा बोलणार नाही. ‘त्या अमक्याचं बघ, त्याच्यावर तर किती मोठं संकट आलं.’ ‘माझ्या गळ्याची शपथ घे.’ शपथेबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण घरोघरी हाच उपाय केला जातो. शपथ घेऊन माणूस सुरक्षित होत नाही. पुढच्या वेळी विचार आला की शपथ मोडल्याची लाज वाटून तो लपवतो, इतकंच. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन आपणही द्यायचं नाही. म्हणावं, ‘गावभर करणार नाही. पण तुझा जीव वाचवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगेन, आणि तुला विचारून सांगेन.’

मग आणखी तीन प्रश्न, तितक्याच सरळपणे. कसं करायचं ते ठरवलंय का? त्यासाठी काही आणून ठेवलंय का? कधी? ठरलंय, वस्तू जवळ आहे, आज-उद्याचं बोलतोय, असं असेल तर त्याला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. वस्तू दूर करायची, एकानं जवळ बसायचं, दुसऱ्यानं गाडीची सोय पाहायची, आणि तडक सरकारी रुग्णालय. १०८ आणि ११२ हे क्रमांक पाठ हवेत. आयुष्यातल्या मोठ्या प्रश्नांची उत्तरं त्या रात्री शोधायची नसतात.

धोका इतका जवळचा नसेल तरी ‘बघू उद्या’ नको. टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. त्याला नुसता क्रमांक लिहून दिला तर तो कागद खिशातच राहील. शेजारी बसून आपणच फोन लावावा, भाषा निवडावी आणि मग त्याच्या हातात द्यावा. हे वाचताना तुमच्याच मनात असे विचार असतील, तर हाच क्रमांक तुमच्यासाठीही आहे. लेख नंतर वाचा, आधी फोन लावा, नाहीतर जवळच्या एका माणसाला हाक मारा. मारहाण, छळ असा प्रकार असेल तर बायकांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ आहे. छळ चालू असलेल्या घरात समजूत घालून परत पाठवणं म्हणजे मदत नव्हे.

वस्तू दूर ठेवणं

प्रशिक्षणात सगळ्यांत कमी वेळ दिला जाणारा, पण माझ्या मते सगळ्यांत उपयोगी भाग हा. पुष्कळदा जीव द्यायची तीव्र ऊर्मी थोड्या वेळाची असते. काही मिनिटं, काही तास. त्या वेळात हाताशी घातक वस्तू नसली तर बहुतेक माणसं वाचतात, आणि वाचलेली बहुतेक माणसं पुढे जगतात. ‘ज्याला करायचंच आहे तो कसंही करतो’ हा समज फार नुकसान करणारा आहे. श्रीलंकेत सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली, आणि १९९५ ते २०१५ या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. माणसांची दुःखं काही त्या प्रमाणात कमी झालेली नव्हती.

आपल्या हातात बंदी नाही, पण घरातली कपाटं आहेत. फवारणी झाल्यावर उरलेली बाटली माजघरात, खाटेखाली, न्हाणीच्या कोनाड्यात पडलेली असते. गरजेपुरतंच आणावं, उरलेलं घरात ठेवू नये. नुसतं कुलूपही पुरत नाही, हेही श्रीलंकेतूनच कळलेलं आहे: तिथे १८० गावांपैकी निम्म्या गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या, आणि विषप्राशनाच्या घटनांत फरक दिसला नाही. घरातली पेटी, घरातलीच किल्ली. तामिळनाडूत दोन गावांनी वेगळा प्रयोग केला. गावासाठी एकच सामायिक कोठार, त्यात प्रत्येकाचा खण, आणि किल्ली सांभाळायला नेमलेला माणूस. आपल्याकडे विकास सोसायटीचं गोदाम किंवा शेतकरी गटाची खोली यासाठी वापरता येईल. ग्रामसभेत हा विषय घ्यायला पैसे लागत नाहीत.

कृषी केंद्राच्या मालकांना वेगळं बोलवा. हंगाम नसताना, पीक कोणतं हे न सांगता, नजर न देता औषध मागणारा माणूस त्यांना समोर दिसतो. ‘कशावर मारायचंय? बसा, चहा घ्या’ एवढं बोलणंही त्या माणसाला वेळ मिळवून देतं.

घरात औषधोपचार चालू असलेलं माणूस असेल तर महिन्याभराच्या गोळ्या त्याच्या उशाशी नसाव्यात. आठवड्याच्या किंवा दिवसाच्या काढून द्याव्यात. हे त्याच्या पाठीमागं लपूनछपून करू नका. सांगा, ‘हे दिवस अवघड आहेत, तोवर मी सांभाळते, बरं वाटलं की तुझ्याकडे देईन.’ विश्वासानं केलं तर माणसं सहसा नाही म्हणत नाहीत.

आणि विष पोटात गेलंच असेल तर मीठ-पाणी पाजणं, उलटी करवणं, ताक, तूप, लिंबू यांतलं काहीही करू नका. त्यात जीव जातात आणि वेळही जातो. १०८ लावा, डबा किंवा बाटली सोबत घ्या, निघा. ‘चुकून घेतलं’ असं सांगायची धडपड नातेवाईक करतात ती पोलिसांच्या भीतीनं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं. त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलेलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही. (सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी असा प्रयत्न करणं हा गुन्हा मात्र आहे.) रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब होतो, तेवढ्याला घाबरू नये. डॉक्टरांना खरं सांगितलं तरच उपचार नीट होतात.

कागद आणि फेरी

संकट ओसरल्यावर करायचं एक काम म्हणजे त्या माणसाच्या सोबतीनं एक कागद तयार करणं. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत बसवली. कागदावर त्याच्याच शब्दांत लिहायचं: विचार येऊ लागले की मला आधी काय होतं, तेव्हा मी एकट्यानं काय करू शकतो, कुठे जाऊन बसू शकतो, कुणाला सांगू शकतो, कोणत्या डॉक्टरांना किंवा क्रमांकाला फोन करायचा, घरातून कोणती वस्तू हलवायची. ‘मन प्रसन्न ठेवणे’ असलं काही लिहू नका. ‘छातीत धडधडतं आणि बायकोवर ओरडायला लागतो. मग विहिरीकडे न जाता देवळात भजनाला जाऊन बसायचं. मामाला फोन करायचा. तो नाही उचलला तर मास्तरांना’ असं पाहिजे. लिहिता येत नसेल तर त्याच्याच आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, असा कागद आणि त्यानंतर फोनवर विचारपूस मिळालेल्यांमध्ये सहा महिन्यांत आत्महत्येकडे झुकणारं वागणं सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळलं.

ती विचारपूस फार महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक अभ्यास केला. त्यातलं भारतातलं केंद्र चेन्नई होतं. आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांचे दोन गट केले. एकाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्याबरोबर तासाभराची माहिती, आणि पुढच्या अठरा महिन्यांत नऊ वेळा भेट किंवा फोन. दुसऱ्या गटातले आत्महत्येनं झालेले मृत्यू ०.२ टक्के होते, पहिल्या गटातले २.२ टक्के. नऊ वेळा जाऊन विचारणं. आशाताईंच्या फेरीत, शिक्षकांच्या घरभेटीत, पोलीस पाटलांच्या चकरांत हे बसवता येतं.

त्या भेटीत काय बोलायचं, हेही शिकवा, कारण माणसं जातात आणि पाऊस-पाण्यावर बोलून परत येतात. चहा घ्या, झोपेचं विचारा, गोळ्या चालू आहेत का ते विचारा, आणि मग पुन्हा तोच प्रश्न: ‘मधल्या दिवसांत पुन्हा आलं का तसं मनात, जीव द्यायचं?’ पहिल्या वेळी विचारलं म्हणून पुढे विचारायची गरज नाही, असं होत नाही.

घरात सांभाळणाऱ्यांविषयी थोडं. आई रात्र रात्र दाराशी बसून राहते, बायको न्हाणीघराच्या दाराला कडी लावू देत नाही, मोबाइल तपासला जातो. पहिल्या काही दिवसांत यातलं काही आवश्यक असतं. पण महिनोन्महिने तसंच चाललं तर सांभाळणारी व्यक्ती कोसळते आणि सांभाळला जाणारा कोंडला जातो. पाळ्या लावा. नणंद, दीर, मावसभाऊ, शेजारी, ज्यांच्यावर त्या माणसाचा विश्वास आहे अशा तीन-चार जणांत दिवस वाटून घ्या. सांभाळणारीनं स्वतः जेवणं, झोपणं आणि आठवड्यातून एकदा घराबाहेर पडणं यात स्वार्थ नाही. तिच्या मनातही ‘कधी सुटेन यातून’ असं येतं, आणि त्याची तिला भयंकर लाज वाटते. प्रशिक्षणात नातेवाइकांचा वेगळा तास ठेवला तर हे बोललं जातं. डॉक्टरांसमोर किंवा रुग्णासमोर बोललं जात नाही. तिलाही तोच थेट प्रश्न विचारायचा असतो, हे लक्षात ठेवा.

शिकलेल्यांची दर महिन्याला तासभर बैठक हवी. कुणाशी बोललो, कुठे अडलो, कुणाकडे परत जायचं राहिलं, नावं बाहेर न नेता. सहा महिन्यांनी सरावाचा अर्धा दिवस पुन्हा घ्या, कारण न वापरलेलं वाक्य परत जिभेवर अडखळतं. आणि सगळं करूनही एखादा जीव हातातून जातो. तेव्हा त्या आशाताईला किंवा मास्तरांना एकटं सोडू नका. ‘तुम्ही तर ट्रेनिंग घेतलं होतं’ हे वाक्य गावात कुणीतरी बोलतंच. बैठकीतल्या सोबत्यांनी त्याच दिवशी त्यांच्या घरी जायला हवं.

गेलेल्या माणसाच्या घरच्यांकडेही जायचं असतं. कसं केलं, कुठे केलं, चिठ्ठीत काय होतं, हे विचारू नका, आणि व्हॉट्सॲपवर फोटो फिरत असेल तर पाठवणाऱ्याला फोन करून काढायला लावा. शाळेतलं मूल गेलं असेल तर दुसऱ्या दिवशी वर्गात शिक्षकांनी बोलावं: काय झालं ते थोडक्यात, मोठेपणा न देता, आणि ज्याला जड वाटतंय त्यानं कुणाकडे यायचं ते. गेलेल्याची बायको, मुलं, भाऊ यांच्या मनात पुढचे कित्येक महिने तेच विचार घोळण्याचा धोका असतो. तेरावा झाला की माणसं यायची थांबतात. तुमची पहिली ठरवलेली भेट त्यानंतरच्या आठवड्यात असू द्या, दुसरी महिन्यानं, आणि वर्षश्राद्धाच्या आधीच्या आठवड्यात एक नक्की.